त्रिंबक हवालदारांच्या मागची रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि माझ्या नळीला बाजूने आरपार भोक आहे. सोलापुरातल्या एका पोलिसी गोदामाच्या अंगणात आम्ही पंचवीसेक जणी फरशीवर ओळीने पडलो आहोत. काल आमच्या दीडशे जणींचे गॅसच्या ज्योतीने तुकडे झाले, परवा दोनशे जणींचे. आज आमचा दिवस. कटरवाला सध्या निंबाखाली जेवायला बसला आहे. तो डबा संपवून हात धुईपर्यंत मला वेळ आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकते. ती आज सकाळीच पुरी झाली. कालपर्यंत मला ती सांगताच आली नसती.

माझा जन्म १९४३ सालचा, बंगालमधल्या ईशापूरच्या बंदूक कारखान्यातला. कागदोपत्री माझं नाव ली-एनफिल्ड. ली हे माझा बोल्ट रचणाऱ्या कारागिराचं आडनाव आणि एनफिल्ड हे विलायतेतलं गाव. तिथल्या कारखान्यात माझ्या नळीच्या आतल्या खाचा ठरल्या. पण हे नाव घेतं कोण? सगळे मला थ्री नॉट थ्री म्हणतात. एका इंचाचे हजार भाग केले तर माझ्या नळीची पोकळी त्यातल्या तीनशे तीन भागांएवढी भरते, म्हणून थ्री नॉट थ्री.

आमच्या घराण्यातल्या आज्या-पणज्या ठासणीच्या बंदुका होत्या. तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग बार. तोवर समोरचा माणूस अंगावर येऊन ठेपायचा. त्यांची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळी वाट फुटेल तिकडे जायची. माझ्या नळीत मात्र पाच खाचा आहेत, डावीकडे वळत गेलेल्या. त्या गोळीला फिरकी देतात, आणि भोवरा जसा फिरतोय तोवर तोल सोडत नाही तशी गोळी सरळ जाते. माझ्या पोटाखाली दहा गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन. गोळी नळीत ढकलणारा अडसर म्हणजे बोल्ट, आणि त्याचा दांडा चाप ओढणाऱ्या हाताच्या अगदी जवळ. वर, मागे, पुढे, खाली, की दुसरी गोळी तयार. नळीच्या टोकावरच्या माशीवरून, म्हणजे नेम धरायच्या खुणेवरून, डोळा हलवायला नको. कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा. हे सांगताना माझं नाक जरा वर होतं, पण म्हातारीला एवढं चालायचंच.

एक खोडही सांगून ठेवते, कारण पुढे तिनेच घात केला. माझ्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती पकडूनच मी रिकामं काडतूस बाहेर ओढते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे पडली तर वरचं पुढे सरकताना खालच्याला अडकतं आणि दोन्ही जागीच रुततात. मग बोल्ट कितीही रेटा, गोळी नळीत जात नाही. पुढच्या पिढीच्या रायफलींच्या काडतुसांना अशी कड नसते, म्हणून त्यांना हे भोग नाहीत. आम्हाला होते. आम्हाला निवांत हाताने भरावं लागायचं.

मी ब्रह्मदेशाच्या चिखलात लढले, नंतर बर्फातही उभी राहिले. माझ्यामुळे माणसं मेली. मी त्यासाठीच घडवलेली होते, ते लपवून काय करू? पण शिपाई मला कुशीत घेऊन झोपायचे, आणि कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची लेक मला त्यांच्या बडबडीतून कळायची. गोळी जिकडे जाते तिकडेही अशीच बडबड करणारा कुणी असणार, हेही तेव्हाच कळलं. पुढे लष्कराला नव्या, आपोआप भरणाऱ्या रायफली मिळाल्या. आम्हाला राज्याराज्यांच्या पोलिसांकडे वाटून दिलं, आणि मालगाडीच्या डब्यातून मी सोलापूरला उतरले.

इथल्या उन्हाने पहिल्याच उन्हाळ्यात माझं लाकूड तडकायला आलं होतं. ते वाचवलं यशपालने. यशपाल शस्त्रागाराचा हवालदार. आमच्या दुखण्याखुपण्याचा वैद्य म्हणा. लाकडाला अळशीचं तेल, लोखंडाला वेगळं तेल. बार झाले की काडतुसाच्या टोपीतला खार नळीत उरतो आणि आतून गंज धरतो, म्हणून तो कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून किटलीभर उकळतं पाणी आणायचा आणि माझ्या नळीतून ओतायचा. चहावाला रोज विचारायचा, "पत्ती टाकू का थोडी, तुमच्या बाईला?" यशपालही रोज हसायचा. मग दोरीच्या टोकाला चिंधी बांधून तो नळीतून ओढायचा, एका डोळ्याने आत बघायचा आणि म्हणायचा, "आरशावानी झालीस की गं."

मी अकरा वर्षं त्रिंबकच्या खांद्यावर होते. त्रिंबक आणि यशपाल एकाच गल्लीत वाढलेले, बुद्धविहाराच्या पायरीवर एकत्र अभ्यास करून पोलिसात लागलेले. त्रिंबक शांत माणूस. नव्या पोरांना सांगायचा, "बंदूक खांद्यावर असली की आवाज खाली ठिवायचा." या अकरा वर्षांत त्याने माणसावर एकही गोळी झाडली नाही, आणि याचा मला अभिमान वाटायचा. तो हवालदार झाला तेव्हा त्याच्या हातात काठी आली. मला त्याने स्वतः मागून घेऊन एका नव्या शिपायाच्या हाती दिलं. "माझी हाय. जप," एवढंच बोलला.

तो नवा शिपाई म्हणजे सिद्धाराम. अक्कलकोटकडचा, चोवीस वर्षांचा, घरी एकटी आई गौरम्मा. नोकरीला सहा महिने झालेले. पोरगा गुणी होता, पण प्रत्येक गोष्टीची घाई.

पुढे जे घडलं त्याला आता तेहतीस वर्षं झाली. माढ्याच्या बाजूला एका सराफाला लुटून दोघे चोर उसात शिरले, अशी खबर भर दुपारी आली. त्रिंबक, सिद्धाराम आणि ड्रायव्हर जीपमध्ये बसले. शस्त्रागारातून पाच सुट्या गोळ्या मोजून मिळायच्या आणि परतल्यावर मोजूनच द्याव्या लागायच्या. त्या बाहेर पडण्याआधी, उभं राहून, एकेक करून भरायच्या असा रिवाज होता. सिद्धारामने त्या खिशात टाकल्या आणि हेलकावे खाणाऱ्या जीपमध्ये माझ्या पोटात कोंबल्या. चौथी आत जाताना मला टोचलं. तिची कड तिसरीच्या कडेमागे गेली होती. मला सांगता येत नव्हतं, मित्रांनो. आमच्या जातीला एकच आवाज असतो आणि तोही माणसाने चाप ओढल्यावर निघतो.

उसाच्या फडाच्या कडेला त्यातला एक चोर समोर आला. त्याच्या हातात गावठी कट्टा होता. त्रिंबक म्हणाला, "वर मार." सिद्धारामने एक बार आभाळात काढला. मी गरजले आणि चोर दचकला. मग त्रिंबक हातात नुसती काठी घेऊन पुढे झाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच खाली होता.

"टाक ते खाली. माझ्या मागं बंदूक हाय."

मी होते ना त्याच्या मागे! सिद्धारामने बोल्ट मागे ओढला, पुढे रेटला. अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा रेटला. माझ्या पोटात दोन गोळ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. चोराला बोल्टची ती खडखड ऐकू गेली. त्याने कट्टा उडवला आणि त्रिंबक उसाच्या सरीत कोसळला. बार्शी रस्त्यावर जीपमध्येच तो गेला. दोन्ही चोर दुसऱ्या दिवशी सापडले, पण त्याचं कुणाला काय?

संध्याकाळी यशपालने मला टेबलावर घेतलं. मॅगझिन काढलं, आत पाहिलं. एक मागे पडलेली कड पाहून त्याला सगळं समजलं. सिद्धाराम दाराशी उकिडवा बसला होता.

"जीपमधी भरल्यास का रं?"

"व्हय दादा."

"बघून भरल्यास?"

सिद्धारामने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "दादा, आता मी जगून काय करू? आईला काय सांगू?" तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती यशपालने ओळखली. त्याने मला उचलून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

रात्रभर तो पोराजवळ बसला, असं मी नंतर ऐकलं. सकाळी त्याने नोंदवहीत लिहिलं, 'रायफल नंबर चार हजार एकशे सतरा. बोल्ट झिजलेला. गोळी घेताना अडते. सदोष, वापरास अयोग्य.' नुसती स्प्रिंग खराब असं लिहिलं असतं तर कुणीतरी ती बदलून मला चालवून पाहिलं असतं, आणि मी खाडखाड चालले असते. झिजलेल्या बोल्टची रायफल कुणी परत चालवून बघत नाही. यशपाल आपल्या कामात हुशार होता. त्याच हुशारीने त्याने माझं नाव घालवलं.

मला राग आला का? आला. जिवाभावाच्या माणसाने खोटं लिहिलं की लोखंडालाही लागतं. पण तो लिहीत होता तेव्हा त्याचे डोळे गळत होते, आणि शाई पसरली म्हणून त्याला ती ओळ दोनदा लिहावी लागली.

त्रिंबकचा जलदान विधी झाल्यावर आठवड्याने पारूबाई आली. पारूबाई ही त्रिंबकची बायको. नवऱ्याचं सरकारी सामान जमा करायला आली होती. गणवेशाचे दोन जोड, पट्टा, बूट, टोपी. यशपालने एकेक वस्तू घेतली, सही घेतली. ती उठेना.

"भावजी, ती बंदूक कुटं हाय?"

"कशाला वहिनी?"

"दावा मला."

त्याने मला आणून टेबलावर ठेवलं. पारूबाईने तळहात उगारला आणि माझ्या बोल्टवर मारला. तिलाच लागलं, हात लाल झाला. "अकरा वर्सं लेकीवानी पुसत हुता गं तुला," ती म्हणाली. "माझ्याशी बोलायच्या आदी तुझी चौकशी करायचा. आन ऐन वक्ताला तोंड शिवून बसलीस? सटवे, तुझं वाटुळं हुईल."

दाराशी सिद्धाराम उभा होता, मान खाली घालून. टेबलामागे यशपाल, नोंदवहीवर हात ठेवून. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर! तिला वाटलं मी तोंड शिवलं. खोलीत तोंडं दुसरीच शिवली होती.

सदोष रायफलीला कवायतीत काढतात. यशपालनेच मला शिकंज्यात धरलं आणि माझ्या नळीला ड्रिलने भोक पाडलं. काडतुसावर आपटून बार उडवणारी बोल्टमधली सुई कापून बोथट केली, लाकडावर पांढरा पट्टा रंगवला. "माफ कर गं बाई," एवढं म्हणाला.

त्यानंतर मी नव्या भरतीच्या शिपायांना सावधान-विश्राम शिकवलं. किती पोरं आली आणि गेली. पुढे मुलीही येऊ लागल्या. मनाली नावाची एक उंच पोर सलामी देताना मला असं लख्ख झटक्यात उचलायची की वाटायचं, अजून आहे काहीतरी आपल्यात. एकदा तिने कवायत शिकवणाऱ्या उस्तादांना विचारलं, "सर, हिला भोक का पाडलंय?" उस्ताद म्हणाले, "ही ऐन वेळी दगा दिलेली हाय." त्या दिवसापासून मनालीने रांगेतली दुसरी रायफल घ्यायला सुरुवात केली. तिचं काय चुकलं?

दर खंडेनवमीला कामाच्या हत्यारांना झेंडूची माळ पडायची. मला दाराआड उभी करायचे. यशपाल पूजेबिजेला जायचा नाही, पण त्या दिवशी मुद्दाम यायचा आणि मला तेलाचे दोन थेंब जास्त घालायचा. जिच्यातून गोळी कधी सुटणार नाही तिला कसलं तेल? तरी घालायचा. निवृत्तीनंतरही यायचा. एकदा म्हणाला, "वहिनी भाकरी धाडत्यात गं अजून. घशाखाली उतरत न्हाय." मग एका वर्षी तो आला नाही. पुढे कधीच आला नाही.

सिद्धाराम मात्र कवायतीच्या मैदानाकडे फिरकला नाही. तो साहाय्यक फौजदार झाला, केस पिकले, निवृत्तीला तीन महिने उरले. आणि परवा, आमचे नंबर वाचून आम्हाला कापायला सोडायचं काम नेमकं त्याच्याकडे आलं. तो भराभर वाचत होता. चार हजार एकशे सोळा. चार हजार एकशे... तिथे त्याचा आवाज बसला. शस्त्रागाराची हल्लीची हवालदार सुकन्या म्हणाली, "सर, पाणी देऊ का?" तो म्हणाला, "ही शेवटच्या दिवशी काप म्हणावं."

आज सकाळी तो रिक्षातून पारूबाईला घेऊन आला. सत्तरीची झालीय ती आता, काठी टेकत आली. त्याने तिला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"काकू, ही ती. त्रिंबकदादांची."

"अजून हाय व्हय ही सटवी?"

"काकू, तिला नका बोलू." तो म्हणाला. "हिच्यात काय दोष नव्हता. गोळ्या मी चुकीच्या भरल्या हुत्या. जीपमधी, घाईत. यशपालदादांनी मला वाचवायला हिच्या नावावर घातलं. दर वर्षी तुमच्या घरी आलो, तुमच्या हातचं जेवलो, पन सांगायचं धाडस झालं न्हाय."

पारूबाईने काठी बाजूला ठेवली आणि हळूहळू फरशीवर बसली. तिने तळहात माझ्या बोल्टवर ठेवला, जिथे मारलं होतं तिथेच. आता त्या हाताला सुरकुत्या होत्या.

"बाई," ती मला म्हणाली, "लई वाईट बोलले गं तुला. रोज बोलले."

मग तिने सिद्धारामकडे वर पाहिलं.

"तवा तू पोर हुतास. तवाच सांगितलं असतंस तर तुला मारलं असतं, आन मग पोटाशी धरलं असतं. मला मूल न्हाय, तुला बाप न्हाय. आता तू बी म्हातारा झालास. आता कुणाला मारू आन कुणाला धरू?"

तो रडत होता. तिने त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगून भागायचं न्हाय. जितं लिवलंय तितं लिव."

सुकन्याने जुनी नोंदवही काढून दिली, पण पेन देताना हात आखडला. "सर, तीन महिने राहिलेत. चौकशी लागंल. पेन्शन अडकंल."

"अडकू दे की."

त्याने त्या शाई पसरलेल्या ओळीखाली लिहिलं, 'हत्यारात दोष नव्हता. गोळ्या मी चुकीच्या भरल्या.' खाली सही, तारीख. मग त्याने माझ्या दस्त्याच्या पितळी झाकणाआडून दोरी काढली, चिंधीला तेल लावलं आणि माझ्या नळीतून ओढली. या वेळी अगदी सावकाश. तेल भोकातून ओघळलं आणि पारूबाईच्या हातावर पडलं. तिने तो हात पदराला पुसला नाही. तसाच मुठीत धरून, काठी टेकत ती फाटकाबाहेर गेली. सिद्धाराम रिक्षा बघायला पुढे धावला, पण ती त्याच्यासाठी थांबली नाही.

माझं नाव धुऊन निघालं, मित्रांनो. तरी कापणार मला आजच. निर्दोष ठरलेल्या रायफलीसाठी वेगळी रांग नसते, आणि ते ठीकच आहे. मी ज्या कामासाठी घडले ते काम जगात जितकं कमी होईल तितकं बरं. दुःख मला कापलं जाण्याचं नाही. यशपाल ही सही बघायला उरला नाही, आणि तेहतीस वर्षं एका बाईने आपलं सगळं रडणं एका मुक्या लोखंडावर खर्च केलं, याचं दुःख आहे.

तुमच्या हाती जे अवजार येईल, विळा असो, सुई असो, गाडी असो, ते वापरण्याआधी क्षणभर थांबून नीट बघा. ते बोलू शकत नाही. आणि तुमच्या हातून चूक झालीच, तर ज्याला तोंड नाही त्याच्या नावावर घालू नका. त्याच दिवशी, पोटाशी धरणारं माणूस जवळ आहे तोवर सांगून टाका.

कटरवाल्याने डबा बंद केला. हात धुतो आहे. त्रिंबक, तू म्हणालास ते खरं होतं रे. मी तुझ्या मागेच होते.